कंबरेची घडण आणि सरकलेली गादी : प्रस्तावना

गोरेगावच्या शिवारात वर्षातले बहुतेक महिने माणूस वाकून काम करतो. मे-जूनमध्ये हळदीची लागवड, पावसाळाभर खुरपण, दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी, दिवाळीपासून कापसाची वेचणी, आणि संक्रांत सरली की हळदीची काढणी. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातले हे गाव. कंबरदुखी इथे घरोघरी आहे आणि तिच्याबद्दल कुणी फारसे बोलत नाही. उसण भरली, चमक निघाली, शीर दबली, गादी सरकली असे म्हणत माणसे शेकतात, तेल चोळतात, पट्टा बांधतात आणि पुन्हा रानात जातात. दोघी जावा एकाच सरीत सारखेच तास खुरपतात. एकीची गादी तिशीतच सरकते आणि कळ पोटरीतून पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरते. दुसरी सत्तरीतही ताठ चालते. असे का होते, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे.

आपल्याकडे याचे उत्तर बहुधा एका प्रसंगात शोधले जाते. पोते उचलले आणि कंबर गेली, गाडी खड्ड्यात आदळली आणि मणका सरकला, असे रुग्ण सांगतात आणि घरचेही तेच धरून बसतात. मला जे सांगायचे आहे ते वेगळे आहे. धडधाकट गादी एका उचलीने सहसा सरकत नाही. कंबरेच्या मणक्यांची घडण भार कुठे जास्त पडणार हे आधीच ठरवून ठेवते, वय आणि काम त्या जागेला वर्षानुवर्षे झिजवतात, आणि शेवटची उचल निमित्त होते. घडण बदलता येत नाही. भार बदलता येतो. तो कसा बदलायचा हे समजण्यासाठी आधी घडण समजली पाहिजे.

दोन्ही हात कंबरेवर असे ठेवा की बोटे कंबरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकतील. दोन्हीकडच्या कडा जोडणारी रेषा पाठीत जिथे मणक्यांना छेदते, तिथे बहुतेकांचा चौथा कटिमणका किंवा त्याच्या खालची फट असते. असे पाच मणके कंबरेत आहेत. डॉक्टर त्यांना एल-१ ते एल-५ म्हणतात. पाचव्याच्या खाली त्रिकास्थी, म्हणजे पाच मणके एकजीव होऊन झालेले त्रिकोणी हाड, कंबरेच्या दोन हाडांच्या मध्ये घट्ट बसलेले असते. धडाचे, डोक्याचे, हातांचे आणि हातातल्या ओझ्याचे सगळे वजन या पाच मणक्यांतून त्रिकास्थीवर आणि तिथून दोन्ही पायांत उतरते. त्रिकास्थीचा माथा सपाट नाही, तो पुढे कललेला आहे. त्यामुळे शेवटच्या दोन गाद्यांवर वजन नुसते दाबत नाही, पुढे ढकलतही असते. कंबरेतल्या सरकलेल्या गाद्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक याच दोन ठिकाणच्या असतात : चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली आणि पाचव्या मणक्याच्या व त्रिकास्थीच्या मधली.

गादीच्या मध्यभागी पाणीदार, चिकट गाभा असतो आणि त्याभोवती तंतूंचे मजबूत कडे. या कड्यात साधारण १५ ते २५ थर असतात. एका थरातले तंतू एका बाजूला तिरपे, तर पुढच्या थरातले उलट बाजूला, बाजेच्या सुतळीसारखे विणलेले. सरळ दाब हे कडे उत्तम पेलते. माणूस वाकून त्याच वेळी कमरेत वळला की मात्र एका दिशेचे तंतू ताणले जातात, उलट दिशेचे सैल पडतात आणि निम्म्या तंतूंना सगळ्यांचे काम करावे लागते. कडे मागच्या बाजूला मुळात पातळ. तिथे आधार देणारा लांब अस्थिबंध कंबरेत खाली येता येता अरुंद होत जातो, म्हणून मागचे डावे-उजवे कोपरे उघडे राहतात. गाभा बाहेर पडतो तो बहुतेकदा याच कोपऱ्यांतून, आणि पायात जाणारी नस नेमकी तिथूनच उतरते.

मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कटिमणक्यापाशी संपतो. त्याच्या खाली फक्त नसांचा जुडगा असतो आणि एकेक नस आपापल्या पायरीवर बाहेर पडते. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकली की सहसा पाचवी नस दबते. तिची खूण पायाच्या अंगठ्यात सापडते. डॉक्टर अंगठ्यावर आपले बोट दाबून धरतात आणि अंगठा वर उचलायला सांगतात. तो दुबळा असेल तर दोष कुठल्या पायरीवर आहे याचा अंदाज फोटो काढण्याआधीच येतो. त्याखालची गादी सरकली तर एका पायाच्या चवड्यावर उभे राहणे जड जाते आणि टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारली तरी पाऊल हलत नाही. शरीररचना माहीत असली की एक साधी तपासणी किती सांगते याचा हा नमुना आहे.

हे ज्ञान एका दिवसात आले नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात गृध्रसीचे, म्हणजे आजच्या सायटिकेचे, वर्णन आहे. नितंबापासून कंबर, मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल असा वेदनेचा क्रमही त्यात दिला आहे. सुश्रुताने पाय उचलता न येणे हे तिचे लक्षण मानले. युरोपात १७६४ मध्ये नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यांनी या वेदनेचा संबंध मांडीमागच्या नसेशी जोडला. उताणे झोपवून पाय सरळ वर उचलण्याची जी चाचणी आज प्रत्येक डॉक्टर करतो, ती १८८१ मध्ये फोर्स्ट या फ्रेंच डॉक्टरांनी लिहून ठेवली आणि त्यांचे गुरू लासेग यांच्या नावाने ती ओळखली जाते. पण गादी आणि पायातली कळ यांची गाठ अजून पडली नव्हती. जर्मनीत ड्रेस्डेनच्या गेओर्ग श्मोर्ल यांनी शवविच्छेदनात हजारो कणे तपासले, गाद्यांचे फुगवटे पाहिले, तरी त्यांचा सायटिकेशी संबंध लावला गेला नाही. शस्त्रक्रियेत सापडणाऱ्या अशा तुकड्यांना लोक कूर्चेची गाठ समजत. ती गाठ नसून गादीचाच निसटलेला भाग आहे आणि तोच नस दाबतो, हे १९३४ मध्ये बोस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी दाखवून दिले. तिथून आजचे शास्त्र सुरू होते. १९७० च्या दशकात सीटी स्कॅन आणि १९८० च्या दशकात एमआरआय आल्यावर जिवंत माणसाची गादी चिरफाड न करता पाहता येऊ लागली.

गादी का सरकते याबद्दल मात्र आजही एकमत नाही. तीन-चार विचारप्रवाह आहेत आणि नव्या वाचकाला ते वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत.

पहिला प्रवाह भाराचा. स्वीडनचे आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या गादीत सुई घालून आतला दाब मोजला. १९९९ मध्ये जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग नव्या साधनांनी केला. आडवे पडल्यावर दाब ०.१ मेगापास्कल, सैल उभे राहिल्यावर ०.५, आणि पाठ गोल करून २० किलो उचलल्यावर २.३. तेच वजन गुडघे वाकवून उचलले तर १.७, आणि अंगाशी धरले तर १.१. मोजणी एकाच निरोगी माणसावर झाली होती, पण आकड्यांमधला फरक बोलका आहे : ओझे तेच राहूनही अंगाशी धरल्याने दाब निम्म्यावर येतो. इंग्लंडमध्ये अॅडम्स आणि हटन यांनी १९८२ मध्ये प्रयोगशाळेत दाखवले की भार असताना कणा त्याच्या मर्यादेपलीकडे वाकवला तर गादी फुटून गाभा मागे येऊ शकतो. अमेरिकेत जेनिफर केल्सी यांच्या १९८४ च्या अभ्यासात, ११ किलोहून जड वस्तू दिवसात २५ हून अधिक वेळा उचलणाऱ्यांत गादी सरकण्याचा धोका तिपटीहून जास्त दिसला. गुडघे न वाकवता, कमरेत वळून उचलणाऱ्यांचा धोका त्याहूनही मोठा होता. ओल्या हळदीने भरलेले टोपले ११ किलो सहज भरते, आणि काढणीच्या दिवशी ते किती वेळा उचलले जाते हे गोरेगावात कुणाला सांगायला नको.

दुसरा प्रवाह घडणीचा, आणि या पुस्तकाचा मुख्य विषय तोच. प्रत्येक मणक्याच्या मागे डावा-उजवा असे दोन जोडसांधे असतात. ते कणा वळण्याला आवर घालतात. कॅनडाचे फारफान यांनी १९६७ मध्ये मांडले की हे दोन सांधे एकसारख्या कोनात नसतील तर कणा वाकताना किंचित वळतो आणि गादीच्या एका बाजूला जास्त पीळ बसतो. पुढच्या अभ्यासांत काहींनी याला दुजोरा दिला, काहींना संबंध आढळला नाही. त्यांच्याच गटाने १९७९ मध्ये पाचवा मणका कंबरेच्या हाडांमध्ये किती खोल बसला आहे याकडे लक्ष वेधले. तो खोल असेल तर आजूबाजूचे दणकट अस्थिबंध खालच्या गादीला सांभाळतात आणि ताण वरच्या, चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या गादीवर जातो. काहींचा पाचवा मणका त्रिकास्थीला अर्धवट किंवा पूर्ण जोडलेला असतो. साधारण शंभरात दहा-बारा जणांत असे आढळते. इटलीचे बेर्तोलोत्ती यांनी १९१७ मध्ये याचा कंबरदुखीशी संबंध सुचवला. १९८४ मध्ये कास्तेलवी यांनी या रचनेचे चार प्रकार केले आणि गादी सरकण्याशी त्यांचे नाते तपासले. जोडलेल्या मणक्याखालची गादी हलत नाही म्हणून सहसा वाचते, पण तिच्या वरच्या गादीला हालचालीचा जास्त वाटा उचलावा लागतो.

याच प्रवाहात फ्रान्समध्ये एक मोलाचे काम झाले. दुवाल-बोपेर यांच्या गटाने १९९८ मध्ये कंबरेचे हाड आणि त्रिकास्थी यांच्यातला एक कोन प्रसिद्ध केला. वाढ पूर्ण झाल्यावर तो आयुष्यभर जवळपास तसाच राहतो. प्रौढांत सरासरी ५० अंशांच्या आसपास, पण माणसागणिक पुष्कळ वेगळा. हा कोन लहान असेल तर कंबरेचा बाक उथळ राहतो आणि वजन मागच्या सांध्यांऐवजी गाद्यांवर अधिक पडते. कोन मोठा असेल तर बाक खोल आणि भार मागच्या सांध्यांवर. लिऑनचे रूसूली यांनी २००५ मध्ये यावरून कण्याचे चार नमुने मांडले. गादीच्या आजाराचे रुग्ण सपाट कंबरेच्या नमुन्यात जास्त दिसतात, असे त्यानंतरच्या अभ्यासांतून पुढे आले. एका सरीत खुरपणाऱ्या दोन जावांमधला फरक इथे प्रथमच मोजता येण्याजोगा होतो. २०१५ मध्ये किंबर्ली प्लॉम्प आणि सहकाऱ्यांनी याला उत्क्रांतीची जोड दिली. ज्यांच्या मणक्यांत गाभा वर-खाली घुसल्याच्या खुणा होत्या, त्यांचे मणके निरोगी माणसांपेक्षा चिंपांझीच्या मणक्यांच्या आकाराला जास्त जवळचे आढळले. दोन पायांवर चालण्याशी सगळ्यांची हाडे सारखीच जुळलेली नाहीत, असा त्याचा अर्थ.

तिसरा प्रवाह वारशाचा. फिनलंडमधल्या जुळ्या भावांवर बॅटी आणि व्हिडेमन यांनी केलेल्या अभ्यासाने १९९५ मध्ये खळबळ उडाली. एक भाऊ जड काम करणारा आणि दुसरा बैठे काम करणारा असला, तरी दोघांच्या गाद्यांची झीज आश्चर्य वाटावे इतकी सारखी होती. कामाचा वाटा अपेक्षेपेक्षा कमी आणि आनुवंशिकतेचा फार मोठा निघाला. याचा अर्थ कष्टाने काही बिघडत नाही असा नाही. वारसा गादीची ताकद ठरवतो, आणि त्या ताकदीवर किती भार टाकायचा हे काम ठरवते.

भारतातून आलेले दोन विचार मराठी वाचकाला माहीत असायलाच हवेत. कोइंबतूरच्या गंगा हॉस्पिटलचे डॉ. एस. राजशेखरन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये गादी सरकलेल्या १८१ रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला. कडे फाटून गाभा बाहेर येतो ही सर्वमान्य समजूत होती. प्रत्यक्षात सुमारे ६५ टक्के रुग्णांत दोष गादी जिथे मणक्याला चिकटते त्या जोडात सापडला. तिथला कूर्चेचा पापुद्रा, कधी हाडाचा कणही, सुटून आला होता. प्रौढांच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात आणि तिचे पोषण याच पापुद्र्यातून झिरपते, म्हणून हा शोध दुहेरी महत्त्वाचा आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोयल यांनी २०१० च्या सुमारास वेगळाच क्रम मांडला : बिघाड आधी मागच्या जोडसांध्यांत सुरू होतो, ते खचतात, आणि गादीची झीज त्यानंतर येते. हा विचार सर्वांनी स्वीकारलेला नाही, पण एकट्या गादीकडे पाहू नये हा त्याचा आग्रह योग्य आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात काम केलेले गोव्याचे डॉ. प्रेमानंद रामाणी यांनी कण्याच्या शस्त्रक्रियेबद्दलची भीती मराठी समाजातून घालवण्यासाठी जे केले, तेही या परंपरेचा भाग आहे.

घडण म्हणजे निकाल मात्र नव्हे, आणि यावर माझा सर्वांत जास्त भर आहे. १९९४ मध्ये अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचा एमआरआय काढला गेला. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांत किमान एक गादी फुगलेली आणि सुमारे २७ टक्के जणांत ती पुढे आलेली दिसली. २०१५ मध्ये तीन हजारांहून अधिक वेदनारहित लोकांच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत गादीची झीज होती. म्हणजे अहवालातला ‘बल्ज’ हा शब्द वाचून आयुष्य संपल्यासारखे वाटून घेण्याचे कारण नाही. खरोखर सरकलेल्या गादीचा तुकडाही शरीर पुष्कळदा स्वतःच विरघळवते, आणि मोठा, पूर्ण सुटलेला तुकडा लहान फुगवट्यापेक्षा अधिक चांगला विरघळतो. नॉर्वेत वेबर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले रुग्ण वर्षभरानंतर शस्त्रक्रिया न झालेल्यांपेक्षा बरे होते, पण चार वर्षांनी दोन्ही गटांत ठळक फरक उरला नव्हता. नेदरलँड्समधल्या २००७ च्या अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची कळ लवकर गेली, वर्षअखेरीस मात्र दोन्ही गट सारख्याच ठिकाणी पोहोचले. बहुतेकांना थांबून पाहण्याइतका वेळ असतो. ज्यांना नसतो त्यांची लक्षणे प्रत्येक घराला पाठ हवीत : लघवी अडणे किंवा तिच्यावरचा ताबा जाणे, बैठकीच्या जागी बधिरपणा, दोन्ही पायांत अशक्तपणा, पाऊल अचानक लोंबणे. अशा वेळी शेकत बसू नये. त्याच दिवशी हिंगोली, नांदेड किंवा अकोला गाठावे.

हे सगळे आत्ताच सांगण्याची गरज का? हळद हे हिंगोलीचे मुख्य नगदी पीक झाले आहे आणि ते वाकायला लावणारे पीक आहे. ट्रॅक्टर जमीन उकरतो, पण गड्डे वेचणे, माती झाडणे, जेठे गड्डे आणि हळकुंडे वेगळी करणे हे काम बायकाच करतात, ओणवे होऊन किंवा उकिडवे बसून, आणि बहुधा उजाडताच. रात्रभर आडवे पडल्याने गादी पाणी शोषून फुगलेली असते. अॅडम्स आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवले की सकाळी लवकर वाकताना गादीवरचा ताण संध्याकाळच्या तुलनेत सुमारे ३०० टक्क्यांनी जास्त असतो. १९९८ मध्ये स्नूक यांनी जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना उठल्यावर पहिले काही तास वाकणे टाळायला सांगितले आणि त्यांचे दुखणे कमी झाले. म्हणजे सकाळी आधी उभ्याने होणारी कामे, हळद वाळत घालणे, पाणी धरणे, आणि वाकून वेचणे ऊन वर आल्यावर, एवढ्या फेरबदलाला शास्त्राचा आधार आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

समजुतींचाही विचार करायला हवा. पायाळू माणसाने पाय लावला की उसण जाते, असे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मानतात. उसण बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआपच ओसरते, म्हणून ज्याने अखेरचा उपाय केला त्याला श्रेय मिळते. हलक्या स्पर्शाने नुकसान नाही. पण कळ पायात उतरलेली असताना, पाय बधिर असताना कंबरेला झटका देणे धोक्याचे आहे, आणि ही सीमारेषा गावातल्या वडीलधाऱ्यांनी समजून घेतली तर तेच ती पाळतील. दुसऱ्या टोकाला घाईने केलेल्या तपासण्या आहेत. एमआरआय आता जवळच्या शहरांत होतो, अहवाल मोबाइलवर येतो, आणि समजावून सांगणारे कुणी नसेल तर तो भीतीच वाढवतो. हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मान्यता मिळाली. तिथे शिकणाऱ्या मुलांना आपल्या जिल्ह्यातली कंबर कशी राबते हे ठाऊक असले, तर उपचार माणसाच्या कामाला धरून होतील.

या पुस्तकात तीन गोष्टी साधण्याचा प्रयत्न आहे. कंबरेच्या खालच्या भागाची रचना सामान्य वाचकाला स्वतःच्या अंगावर हात ठेवून समजावी अशी मांडणी त्यात आहे. घडण, वारसा, वय, वजन, तंबाखू आणि काम या कारणांचा वाटा वेगवेगळा मोजून दाखवला आहे. जिथे संशोधकांत मतभेद आहेत तिथे दोन्ही बाजू दिल्या आहेत. शेवटी शेत, मोंढ्यातली हमाली, ऊसतोड, मोटारसायकल आणि घरकाम यांतल्या हालचाली एकेक घेऊन, कुठे भार कमी करता येतो हे सांगितले आहे. या पुस्तकात व्यायाम आहेत, पण ते पाहून स्वतःच निदान करू नये. शस्त्रक्रियेची बाजू किंवा विरोध यात नाही. तो निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांनी आणि रुग्णाने मिळून घ्यायचा आहे.

मला हे पुस्तक आशाताईंच्या हाती, शाळेच्या वाचनालयात, मुकादमांच्या आणि शेतमालकांच्या घरी पाहायचे आहे. कारण खुरप्याचा दांडा लांब करायचा की नाही, पोत्याला एक माणूस लावायचा की दोन, सकाळची पहिली पाळी कोणत्या कामाची, हे रुग्ण ठरवत नाही, काम देणारा ठरवतो. कष्टकऱ्याला ‘नीट उचल’ एवढे सांगून जबाबदारी संपत नाही. घडण ज्याला त्याला जन्मासोबत मिळते, कामाची रीत मात्र गाव घालून देते. ती बदलण्याइतके ज्ञान आज आपल्यापाशी आहे. ते राबणाऱ्याच्या भाषेत त्याच्यापर्यंत पोहोचवणे हे वैद्यकाचे कर्तव्य आहे, आणि हे पुस्तक त्याच कर्तव्यातून लिहिले आहे.